७१४ नंबरचं मशीन

फिटरच्या आयुष्याचा निम्मा काळ शिलाई मशीनच्या टेबलाखाली उताणं पडून गेला. तयार कपड्यांच्या कारखान्यात एका ओळीत चाळीस मशीनं, आणि त्यातलं एखादं तरी रोज रुसलेलं असायचंच. पट्टा सैल पडला, बॉबिनमध्ये धागा गुंतला, सुई टाके सोडायला लागली, की बाया ओरडायच्या, "ओ फिटर!" आणि हा पाना दातात धरून टेबलाखाली शिरायचा. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. तिथून ते कधी बाहेर पडलं नाही, आणि त्यानेही त्याला कधी बाहेर काढलं नाही.

बिघाड ओळखायची त्याची तऱ्हा वेगळी होती. मशीन उघडायच्या आधी तो ते ऐकायचा. बाईला म्हणायचा, "चालवा," आणि डोळे मिटून पडून राहायचा. मग बाहेर येऊन तोंडाने करून दाखवायचा. "हे बघा ताई, तुमचं असं चालतंय," म्हणून जीभ टाळूला लावून एक लंगडा आवाज काढायचा, "आणि चालायला हवं असं." तो दुसरा आवाज इतका ठाकठीक असायचा की शेजारच्या बाया आपलं काम थांबवून वाकून बघायच्या. त्यातल्याच एकीचं मशीन आठवड्यातून तीनदा बिघडायला लागलं. फिटरला बिघाड काही सापडेना. पुढे तिच्याशी त्याचं लग्न झालं तेव्हा तिनेच कबूल केलं, की मशीनला काही झालेलं नव्हतं, तिला नुसतं ऐकायचं होतं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे, देशातल्या पहिल्या हिप-हॉप ग्रुपबद्दल आजवर जे काही छापून आलंय, त्यात या टेबलाखालच्या माणसाचा पत्ता नाही. त्यात दोन भाऊ आहेत आणि एक मशीन आहे.

दोघे भाऊ त्याच कारखान्यातले. थोरला कापडाचे थर कापायच्या टेबलावर होता. सुपरवायझरशी प्रत्येक बाबतीत हुज्जत घालायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. धाकट्याला नुसतंच धाकटा. हा धाकटा कपडे बेतायच्या पुठ्ठ्यांच्या मागे ओळी लिहायचा. सुपरवायझरच्या बुटांवर, संडासाला जायचं तर गळ्यात टोकन अडकवावं लागे त्यावर, पंखा फक्त साहेबांच्या खोलीत का फिरतो यावर. कुणा खलाशाने बोटीवरून आणलेली रॅपची एक कॅसेट भावांच्या हाती लागली, आणि वकील म्हणाला, हे तर भांडणच आहे, फक्त तालावर. भांडण त्याला येतच होतं. ताल नव्हता. तो टेबलाखाली पडलेला सापडला.

आज जो तो उठतो आणि मोबाइलवर गाणं करून मोकळा होतो, त्याला हे सांगून पटायचं नाही, पण तेव्हा त्या तिघांकडे काहीही नव्हतं. ढोलकं नव्हतं, बाजा नव्हता, शिकवणारं कुणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत माळ्यावरच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून फिटर तोंडाने ताल धरायचा आणि दोघे भाऊ त्यावर तुटून पडायचे. शिलाईच्या खालच्या दट्ट्याचा धप्, कापड दाबणारा लोखंडी फूट खाली पडतो तो खट, आणि सुईची बारीक टिकटिक. त्याच्याकडे होतं ते एवढंच. पण ते ऐकायला जिन्यापर्यंत गर्दी व्हायची.

पहिल्या कॅसेट कंपनीच्या साहेबाने त्यांना दारातूनच परत पाठवलं. शब्द त्याला आवडले. पण फिटरने तोंड उघडलं तसा तो खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "हे काय, थुंकी उडवताय? हा पोरखेळ कोण विकत घेणार? परदेशात याला मशीन असतं, मशीन!" फिटर खिशातल्या रुमालाने तोंड पुसत राहिला.

दुसऱ्या कंपनीत जाताना वकिलाने फिटरला सोबत नेलंच नाही. फक्त रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात भरलेली एक कॅसेट नेली. तिथल्या साहेबाने ऐकली, मान डोलावली आणि विचारलं, "ताल कशावर वाजवलाय?"

"मशीन आहे," वकील म्हणाला. "परदेशी."

करार झाला. संध्याकाळी वकिलाने येऊन फिटरच्या खांद्यावर हात टाकला. "वाईट नको वाटून घेऊ गड्या. एकदा कॅसेट निघू दे. लोकांनी डोक्यावर घेतलं की मी स्वतः सांगतो, मशीनबिशीन काही नाही, हा आमचा माणूस आहे." फिटरला वाईट वाटलंच नव्हतं. उलट गंमत वाटली होती. जन्मभर मशीनचे आवाज काढून दाखवले, आता कुणीतरी फसलं, एवढंच त्याच्या मनात आलं. मूर्खपणाच म्हणायचा, दुसरं काय. पण तेव्हा तिघांचंही वय पंचविशीच्या आतबाहेरचं होतं आणि पुढे पस्तीस-चाळीस वर्षं पडलेली आहेत हे कुणाच्या डोक्यात येतं?

रेकॉर्डिंग त्याच रेडिओच्या दुकानामागच्या खोलीत झालं. तिथे एरवी साबणाच्या आणि गाद्यांच्या जाहिराती भरल्या जायच्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक माइक, दोन टेपयंत्रं, आणि एक रेकॉर्डिस्ट, जो बोलण्यापेक्षा खोकायचा जास्त. शेजारी सुताराचा करवतीचा कारखाना होता, त्यामुळे काम फक्त दुपारी एक ते दोन, करवत जेवायला थांबली की. रेकॉर्डिस्टने युक्ती काढली ती अशी: फिटरने चार मात्रांचा एकच तुकडा एकदम बिनचूक करायचा, तेवढी टेप ब्लेडने कापायची, तिची दोन टोकं जोडून कडं करायचं आणि ते एका पेन्सिलीवरून फिरत ठेवायचं. मग ताल फिरतच राहतो, मशीनसारखा. गाणं संपेपर्यंत केसभर हलत नाही.

अडचण श्वासाची होती. चार मात्रांत कुठे जरी श्वास ऐकू आला, तर तो प्रत्येक फेरीला पुन्हा ऐकू येणार. फिटर करायचा, रेकॉर्डिस्ट कानाचा हेडफोन काढायचा आणि म्हणायचा, "माणूस ऐकू येतोय रे. पुन्हा." फिटरने नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून पाहिलं. माइककडे पाठ करून पाहिलं. ओठ फुटले, त्यांना मशीनचं तेल लावून पाहिलं. "माणूस ऐकू येतोय." नवव्या दुपारी रेकॉर्डिस्ट काहीच बोलला नाही. त्याने टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली, आणि ब्लेड हातात घेतलं. माणूस गेला होता. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि सर्वांत घट्ट मिठी फिटरने मारली.

कव्हर छापायच्या दिवशी वकील धावत कारखान्यात आला. छापखानेवाला खोळंबला होता. शब्द धाकट्याचे, आवाज दोघा भावांचा, ताल कशाचा? मशीन लिहायचं तर मॉडेल नंबर हवा, नाहीतर साहेबाला शंका येईल. फिटर कापडाच्या कडा शिवायच्या एका ओव्हरलॉक मशीनखाली पडला होता. नाकासमोर त्या मशीनची पितळी पट्टी होती. त्याने वाचून दाखवलं, "सातशे चौदा लिही." मग दोघेही हसले. फिटर इतका हसला की त्याचं डोकं टेबलाला आपटलं. हा नंबर त्याने स्वतःच्या तोंडाने दिला, दुसऱ्या कुणी त्याच्या माथी मारला नाही. पुढे त्याच्यावर जे गुदरलं त्याबद्दल कुणाला शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण हे ध्यानात ठेवून घाला.

कॅसेट निघाली आणि गावभर झाली. पानपट्ट्यांवर, बसच्या थांब्यावर, कारखान्यांच्या गेटवर तीच. वर्तमानपत्रांनी लिहिलं, शब्दांत आग आहे आणि त्या मशीनच्या तालात काहीतरी जिवंत आहे, कळत नाही काय. संगीतवेडी पोरं सातशे चौदा नंबरच्या मशीनची चौकशी करत दुकानं पालथी घालू लागली. कार्यक्रमांत फिटर पडद्यामागे माइक घेऊन बसायचा. मशीन का दिसत नाही असं विचारलं की वकील सांगायचा, नाजूक आहे, उजेड सोसत नाही. लोक हसायचे. वकिलाला त्याची चटक लागली. मग मशीन बोटीच्या स्वयंपाक्याने पिठाच्या पोत्यातून आणलं, मशीन तापतं म्हणून त्याला वारा घालावा लागतो, मशीन शिव्या दिल्याशिवाय सुरू होत नाही, असे एकेक किस्से तो रचत गेला. प्रत्येक मुलाखतीत नवा. पडद्यामागे बसून फिटरही ते ऐकायचा. आपली थट्टा आहे की स्तुती, हे त्याला ठरवता यायचं नाही.

दोन कॅसेटी झाल्या, तिसरी व्हायची होती. दरवेळी वकील म्हणायचा, "एवढी निघू दे." दरवेळी त्यात तथ्यही असायचं. धाकटा मात्र एकदा कळवळून भावाला म्हणाला, "दादा, आता तरी याचं नाव टाक. हे चांगलं दिसत नाही." वकिलाने त्याला गप्प केलं, आणि या भांडणाने त्या दोघांत जी फूट पडली ती कायमचीच.

आणि मग शाळेतलं ते झालं.

फिटरची मुलगी आठ वर्षांची होती. घरी बापाच्या मांडीवर बसून ती हा ताल ऐकायची, त्याच्या गालावर हात ठेवून आवाज आत कुठे होतो ते शोधायची. वर्गात कुणीतरी ती कॅसेट आणली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "हा आवाज माझ्या बाबांचा आहे." वर्ग खो खो हसला. बाईंनी कव्हर तिच्या हातात दिलं आणि वाचायला लावलं. तिने वाचलं, मशीन, सातशे चौदा. "कशाला खोटं बोलतेस?" बाई म्हणाल्या. ती घरी येऊन रडली नाही. दप्तर ठेवून म्हणाली, "बाबा, उद्या शाळेत या आणि करून दाखवा."

फिटर जाणार होता. नवा शर्टही काढून ठेवला होता. पण ही बातमी शाळेतून निघून वकिलापर्यंत पोचली, आणि तो संध्याकाळी दारात. तिसऱ्या कॅसेटच्या करारावर दोन दिवसांनी सह्या व्हायच्या होत्या. "साहेबाला कळलं तर म्हणेल, इतकी वर्षं फसवलंत. सगळं जाईल. माझं नाही, तिघांचं जाईल. पोरगी लहान आहे, विसरेल." त्याने फिटरचे दोन्ही हात धरले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीला दिलेला शब्द मोडू नका." फिटरने मित्राला दिलेला शब्द पाळला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला खरा, त्याच नव्या शर्टात. वर्गासमोर उभा राहून बाईंना म्हणाला, "तिची चूक नाही. मीच घरी थट्टा केली होती तिची." मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती. तिने बापाकडे बघितलं आणि मग वही उघडून काहीतरी लिहायला घेतलं. शाळा संपेपर्यंत पोरं तिला 'मशीनची मुलगी' म्हणायची. घरी तिने पुन्हा कधी त्याच्या गालाला हात लावला नाही.

तिसऱ्या कॅसेटनंतर कंपनीने खरंच एक परदेशी मशीन आणलं. फिटरची गरज उरली नाही. त्या मशीनवर निघालेली चौथी कॅसेट पडली, आणि लोक म्हणाले, जुन्या मशीनची मजा नाही. ग्रुप फुटला. धाकटा भावाशी न बोलताच पुढे काविळीने गेला. रेकॉर्डिस्टही गेला. त्याच्या खोलीतल्या मूळ टेपांवर केव्हाच साबणाच्या जाहिराती भरल्या गेल्या होत्या. टेप महाग, एक काम झालं की त्याच टेपवर दुसरं, अशीच तिथली रीत. फिटर कारखान्यातून निघाला आणि शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान टाकून बसला.

मुलगी कॉलेजात असताना त्याने एकदा धीर करून तिला सांगितलं. "ती थट्टा नव्हती गं. आवाज माझाच होता. शाळेत मी खोटं बोललो." आई म्हणाली, "अगं खरंच. मी साक्षीला आहे." मुलगी दोघांकडे बघून हसली. "बरं," म्हणाली. आईने नवऱ्याची बाजू घेतली, यात नवल ते काय? फिटरने लगेच तिथेच करून दाखवलं. पण तोवर समोरचे दोन दात पडले होते, आणि आवाजातून नुसती हवा गेली.

मुलगी पुढे रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. हुशार, नेटकी, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावल्याशिवाय हात न हलवणारी. बापाची काळजी घ्यायची. औषधं आणून द्यायची, आई गेल्यावर तर दर रविवारी यायची. त्याच्या शब्दावर मात्र तिचा विश्वास नव्हता. ऊन पडलंय असं तो म्हणाला तरी ती खिडकीतून एकदा बघून घ्यायची. फिटरला जगाकडून आता काही नको होतं. कव्हरवर नाव नको, पेपरात फोटो नको. या एका पोरीने आपलं खरं मानावं, एवढंच त्याला हवं होतं.

तीन महिन्यांपूर्वी वकील दुकानात आला. मोठा माणूस झाला होता, त्याला आता सगळे गुरुजी म्हणायचे. संगीताच्या एका संग्रहालयात ग्रुपवर अख्खं दालन होणार होतं. धाकट्याचे पुठ्ठे मिळाले होते, कपडे मिळाले होते. "आणि ते मशीन मागतायत," वकील म्हणाला.

फिटर हसला. "मग? घेऊन चल मला. बसवा काचेत."

"थट्टा नको रे. मी हो म्हणून बसलोय. माळ्यावर आहे म्हटलंय." वकिलाने दुकानातल्या मशीनांकडे बघितलं. "तू बनव. तुझ्याइतकं कुणाला जमणार? वाजलं नाही तरी चालेल. नुसतं दिसायला हवं."

फिटर डब्यातले स्क्रू चाळायला लागला. तेव्हा वकील म्हणाला, "उद्घाटनाला मी सगळ्यांसमोर सांगतो. आईशपथ. हा आवाज तुझा होता, हे मी माझ्या तोंडाने सांगतो. मशीन आणलं होतं पण ते कधी वाजलंच नाही असं म्हणू. ते काचेत राहू दे, दालन टिकू दे, पण तुझं नाव मी घेतो. फक्त हे बनवलंय असं कुणाला बोलू नकोस. नाहीतर ते आमचं सगळंच उचलून बाहेर ठेवतील."

मुलीला बोलावता येईल, हे फिटरच्या मनात आलं, आणि त्याने होकार दिला. तिलाही काही सांगितलं नाही. तिने ते वकिलाच्या तोंडून ऐकावं, भर सभेत ऐकावं, म्हणून त्याने दुकानाच्या मागच्या खोलीला कुलूप घालून काम केलं.

आणि काम केलं ते कसं! हातचं राखून करणं त्याच्या रक्तात नव्हतं. डबा एका जुन्या मोजमापयंत्राचा, बटणं भंगारातल्या रेडिओंची. कुणी उघडून पाहिलं तर म्हणून आतल्या वायरीसुद्धा त्याच काळातल्या शोधून आणल्या, जुनाच डाख, म्हणजे सोल्डर, वितळवून जोडल्या. सर्वांत जास्त वापरलं गेलं असतं ते बटण बोटाने झिजतं तसं कानशीने झिजवलं. वर चहाच्या कपाचा गोल डाग पाडला. ओव्हरलॉकवर असते तशी पितळी पट्टी लावून त्यावर नंबर कोरला. वकिलाने बघितलं आणि क्षणभर त्यालाच वाटलं, अरे, हे होतं की काय आपल्याकडे?

उद्घाटनाला हॉल भरला होता. मुलगी कामावरून परस्पर आली, मागच्या रांगेत बसली. वकील बोलायला उभा राहिला, आणि त्याने शब्द पाळला. अगदी पाळला. "इतकी वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "तो ताल मशीनचा नव्हता. तो या माणसाच्या तोंडाचा होता." आणि त्याने फिटरकडे हात केला.

हॉल हसला. मनापासून, प्रेमाने हसला. पिठाच्या पोत्यातलं मशीन, वारा घालून घ्यायचं मशीन, शिव्या खाणारं मशीन, आणि आता हा नवा किस्सा. गुरुजी अजून तसेच आहेत, लोक एकमेकांना म्हणाले. वकील "अहो खरंच" म्हणाला, तेव्हा तर टाळ्या पडल्या. लोकांच्या डाव्या हाताला काचेच्या पेटीत, दिव्याखाली, चहाच्या डागासकट ते मशीन ठेवलेलं होतं.

फिटर उठला. कवळी बसवल्यापासून तीन महिने रोज पहाटे दुकानात सराव केला होता त्याने, याच क्षणासाठी. माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि केलं. धप्, खट, टिकटिक. बासष्टाव्या वर्षी, एकाही ठिकाणी श्वास न सोडता. लोक उभे राहिले. शिट्ट्या झाल्या. संग्रहालयाची तरुण व्यवस्थापक धावत आली, तिचे डोळे चमकत होते. "काका, कमाल! हुबेहूब मशीनची नक्कल! निदान ऐंशी टक्के तरी जमलंय. किती वर्षं सराव करताय?"

फिटर गर्दीतून वाट काढत मुलीकडे गेला. ती पेटीपाशी उभी होती. चिठ्ठी वाचत होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ताल-मशीन, मॉडेल ७१४. मूळ यंत्र.'

"म्हणजे मशीन होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"खोटं आहे ते. मी बनवलंय. आत्ता, तीन महिन्यांत."

ती त्याच्याकडे वळली. "बाबा, मी आठ वर्षांची होते तेव्हा म्हणालात, आवाज माझा. मग शाळेत येऊन म्हणालात, थट्टा केली. मग कॉलेजात असताना म्हणालात, थट्टा नव्हती. आता मशीनसुद्धा तुम्हीच बनवलंत?"

"उघडायला सांग त्यांना. आत बघ," फिटर म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला. आत पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वायरी होत्या. डाख जुना होता. नवीन म्हणून दाखवावा असा एक स्क्रूही त्याने शिल्लक ठेवला नव्हता.

त्याने वकिलाला गाठलं, दंडाला धरून पेटीपाशी आणलं. "सांग हिला." पण मागोमाग व्यवस्थापक होती, संग्रहालयाचे वरिष्ठ होते, फोटोवाले होते. वकिलाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा फिटरकडे. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा बाप म्हणजे काय चीज आहे, पोरी! सांगितलं ना मी वर? हाच आमचं मशीन!" सगळे हसले. फोटो निघाला.

इतकी वर्षं मुलीकडे बापाबद्दल नुसता संशय होता. पुरावा नव्हता. तो त्याने तीन महिने खपून, कानशीने घासून, स्वतःच्या हाताने तयार करून दिला होता, आणि त्यात कसूर म्हणून ठेवली नव्हती.

मुलीच्या चेहऱ्यावर एक समजूतदार, कामावरचं हसू आलं. रक्त द्यायला घाबरलेल्या म्हाताऱ्यांना ती 'काही नाही हं, झालंच' म्हणते तेव्हाचं. फिटरने ते लॅबमध्ये तिला डबा द्यायला गेला असताना खूपदा पाहिलं होतं. स्वतःसाठी पहिल्यांदाच पाहिलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच बनवलंत. फार छान झालंय." आणि त्याच्या कॉलरचं वरचं बटण लावून दिलं.